कोरिओलेनसचा अभ्यास : जखमा, धान्य आणि मत

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)





आजच्या व्याख्यानासाठी मी शेक्सपिअरचे 'कोरिओलेनस' हे नाटक निवडले आहे. आपल्यातील काहींना वाटेल की, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या रोममधील एका गर्विष्ठ सेनापतीशी आपला काय संबंध? परंतु ज्या नाटकाचा पडदा उपाशी माणसांच्या मोर्चावर उघडतो, ज्यात 'मत मागणे' आणि 'मत देणे' यावरून सारा संघर्ष पेटतो, ते नाटक आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. शिवाय इंग्रजी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणारी बरीच मुले-मुली आज येथे बसलेली आहेत. हे नाटक त्यांनी कसे वाचावे, हेच मला प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

प्रथम कथानक थोडक्यात पाहू. रोममध्ये धान्याची टंचाई आहे. सामान्य नागरिक, ज्यांना प्लेबियन म्हणत, हातात काठ्या-सोटे घेऊन रस्त्यावर उतरले आहेत. कायस मार्शिअस हा उमराव वर्गातील योद्धा त्यांचा उघड तिरस्कार करतो. त्याच वेळी व्होल्सी लोकांशी युद्ध सुरू होते. मार्शिअस शत्रूच्या कोरिओली शहराच्या वेशीतून एकटाच आत घुसतो, विजय मिळवतो आणि त्याबद्दल त्याला 'कोरिओलेनस' हे नाव बहाल होते. रोमला परतल्यावर त्याला कॉन्सल करण्याचे ठरते. कॉन्सल म्हणजे राज्यातील सर्वोच्च अधिकारी. पण त्यासाठी साधा झगा अंगावर घालून, चौकात उभे राहून लोकांकडे मते मागावी लागतात. ते त्याला अपमानास्पद वाटते. लोकांचे प्रतिनिधी असलेले दोन ट्रिब्यून, सिसिनिअस आणि ब्रूटस, याचा फायदा घेतात. लोक दिलेली मते मागे घेतात, तो संतापून लोकांच्या अधिकारावरच हल्ला चढवतो आणि त्याला हद्दपार केले जाते. (हा ब्रूटस 'ज्युलिअस सीझर'मधला नव्हे, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.) हद्दपार झालेला कोरिओलेनस थेट शत्रूला, टलस ऑफिडिअसला, जाऊन मिळतो आणि रोम बेचिराख करायला निघतो. शेवटी त्याची आई व्होलम्निया, पत्नी व्हर्जिलिया आणि लहानगा मुलगा त्याच्या छावणीत येतात. आईच्या विनवणीपुढे तो नमतो, रोम वाचते. पण व्होल्सी लोकांच्या शहरात ऑफिडिअसच्या कटात तो मारला जातो.

आता बाजारातील गाइड उघडून पाहा. तेथे दहा गुणांचे उत्तर तयार असते : 'कोरिओलेनसच्या शोकांतिकेचे कारण त्याचा गर्व होय, आणि रोममधील जमाव चंचल होय.' एवढे लिहिले की विद्यार्थी मोकळा. मित्रहो, हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. अर्धे उत्तर पाठ करणारा विद्यार्थी परीक्षा पास होतो, परंतु त्याला नाटक कळत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या नाटकात आपण कोठे उभे आहोत हे त्याला कळत नाही. म्हणून तीन गोष्टी नीट पाहाव्यात असे मी सुचवतो : धान्य, जखमा आणि मत.

पहिली गोष्ट धान्याची. हे नाटक साधारणपणे १६०८ च्या सुमारास लिहिले गेले आणि शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये निघालेल्या त्याच्या नाटकांच्या संग्रहात प्रथम छापले गेले. कथा त्याने प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराकडून घेतली. थॉमस नॉर्थ याने केलेले प्लुटार्कचे इंग्रजी भाषांतर १५७९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. स्वतः प्लुटार्कनेही ही कथा घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी लिहिली. कोरिओलेनस नावाचा माणूस खरोखर होऊन गेला की नाही, याविषयीच आजचे इतिहासकार शंका घेतात. तेव्हा आपण इतिहास वाचत नसून, इतिहासाच्या आधारे केलेली रचना वाचत आहोत, हे ध्यानी घ्यावे.

परंतु शेक्सपिअरने मूळ कथेत एक महत्त्वाचा बदल केला. रोमन परंपरेनुसार इ. स. पूर्व ४९४ मध्ये प्लेबियन लोक शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसले, ते प्रामुख्याने कर्जाच्या जाचामुळे. कर्ज फेडता न आलेला माणूस सावकाराचा बंदी होत असे. या लढ्यातून त्यांना ट्रिब्यून हे आपले प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मिळाला. धान्याचा तंटा प्लुटार्कमध्ये नंतर येतो. शेक्सपिअरने मात्र धान्य सर्वांत पुढे आणले आणि नाटकाची सुरुवातच भुकेने केली. असे का केले असावे? १६०७ मध्ये इंग्लंडच्या मध्यभागात, नॉर्थॅम्प्टनशायर, लीस्टरशायर आणि शेक्सपिअरच्या स्वतःच्या वॉरिकशायरमध्ये, गोरगरिबांनी उठाव केला होता. जमीनदार गावाच्या सामाईक जमिनींना कुंपणे घालून तेथे मेंढ्या पाळीत होते आणि शेतकरी देशोधडीला लागत होता. लोकांनी ती कुंपणे उखडून टाकली. न्यूटन या गावी जमीनदारांच्या माणसांनी चाळीसहून अधिक लोकांना ठार केले. म्हणजे रंगमंचावरचे सोटे घेतलेले लोक प्रेक्षकांना रोममधले वाटले तरी त्यांची भूक ताजी होती. आणखी एक गोष्ट सांगतो. १५९८ मध्ये टंचाईच्या काळात स्ट्रॅटफर्ड गावात कोणाकडे किती साठा आहे याची मोजणी झाली. त्या यादीत शेक्सपिअरच्या नावावरही दहा क्वार्टर साठ्याची नोंद आहे. लेखक महान असला तरी तो कोणत्या बाजूच्या घरात राहत होता, हे वाचकाने विसरू नये. आणि त्या घरात राहूनही त्याने उपाशी माणसाला पहिले भाषण दिले, याचे श्रेयही त्याला द्यावे.

याच पहिल्या प्रवेशात मेनेनिअस अग्रिपा हा गोडबोल्या उमराव लोकांना एक गोष्ट सांगतो. शरीराचे सारे अवयव एकदा पोटाविरुद्ध बंड करून उठले. आम्ही राबतो आणि हे बसून खाते, अशी त्यांची तक्रार. पोट म्हणाले, अन्न मी आधी घेतो हे खरे, पण रक्तावाटे ते सर्वांना मीच पोचवतो. मेनेनिअसच्या म्हणण्याप्रमाणे सिनेट हे पोट आणि जनता हे अवयव. पुढे बोलणाऱ्या नागरिकाला तो चक्क पायाचा अंगठा ठरवतो.

समाज म्हणजे एक शरीर, आणि त्यात कोणी मुख, कोणी बाहू, कोणी पाय : ही उपमा आपण प्रथमच ऐकतो आहोत का? पुरुषसूक्तात शूद्राचा जन्म पायापासून सांगितला आहे आणि त्या सूक्ताची कठोर चिकित्सा बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या आपल्या ग्रंथात केली आहे. रोमची कथा आणि वैदिक सूक्त यांचा उगम एक आहे असे मी म्हणत नाही. दोहोंत फरकही मोठा आहे : एकात धर्माची आज्ञा आहे, तर दुसऱ्यात एका मुत्सद्द्याची युक्ती. परंतु दोन्ही ठिकाणी काम एकच होते. माणसांनी केलेली व्यवस्था निसर्गाने केल्यासारखी दाखवली जाते. अवयवांची अदलाबदल होऊ शकत नाही. पाय कधी मुख होत नाही. म्हणून जो तुम्हांला समाज हा शरीरासारखा आहे असे सांगेल, त्याला प्रथम विचारा : या शरीरात मी कोणता अवयव, आणि ते कोणी ठरवले?

शेक्सपिअरची गंमत अशी की, या गोष्टीला उत्तर त्याने नाटकातच पेरून ठेवले आहे. गोष्ट सांगण्याआधीच एक नागरिक बोलून गेलेला आहे की, लोक उपाशी असताना कोठारे धान्याने भरलेली आहेत. गोष्टीतले पोट अन्न वाटून देते; रोममधले पोट ते कोंडून ठेवते. म्हणजे उपमा वस्तुस्थितीवरच आपटते. शिवाय लोकांच्या पदरात जे पडते ते गोष्टीमुळे नव्हे. शहराच्या दुसऱ्या भागात जमलेल्या लोकांची मागणी मान्य होऊन त्यांना पाच ट्रिब्यून मिळाल्याची बातमी मार्शिअस स्वतः चडफडत आणतो. एकीकडे गोष्ट, दुसरीकडे अधिकार. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही एकाच प्रवेशात कसे ठेवले आहेत ते बारकाईने पाहावे.

दुसरी गोष्ट जखमांची. कोरिओलेनसच्या अंगावर सत्तावीस जखमा आहेत, असा हिशेब त्याची आई आणि मेनेनिअस मिळून मोठ्या अभिमानाने करतात. या आईला समजून घेतल्याशिवाय मुलगा समजत नाही. मला डझनभर मुलगे असते तर एक ऐषआरामात लोळण्यापेक्षा अकरा देशासाठी मेलेले मला चालले असते, अशा आशयाचे ती सुनेजवळ बोलते. नातवाने रागाच्या भरात फुलपाखरू फाडून टाकले हे कळल्यावर तिला बापाचीच आठवण होते आणि कौतुक वाटते. शेक्सपिअर येथे सांगतो की, गर्व हा जन्मताच रक्तात नसतो. तो घरात वाढवला जातो. जो मुलगा फक्त जिंकल्यावरच आईच्या प्रेमाचा धनी झाला, तो हरणे आणि मागणे शिकलाच नाही.

परंतु तो केवळ राक्षस आहे असेही समजू नका. त्याला लुटीतला दहावा हिस्सा देऊ केला असता तो नाकारतो. स्तुती ऐकवत नाही म्हणून सभेतून उठून जातो. लाचलुचपत, खोटेपणा, तोंडपुजेपणा त्याच्यात औषधालाही नाही. म्हणूनच ही शोकांतिका आहे. तरीही एक छोटासा प्रसंग मला सर्व युद्धांपेक्षा मोठा वाटतो. कोरिओली जिंकल्यावर तो सेनापती कोमिनिअसकडे एकच मागणे मागतो : या शहरात एका गरीब माणसाने मला घरी आसरा दिला होता, तो आता कैदी झाला आहे, त्याला सोडा. सेनापती लगेच तयार होतो आणि त्याचा एक सहकारी त्या माणसाचे नाव विचारतो. कोरिओलेनसला नाव आठवत नाही. तो म्हणतो मी थकलो आहे, आणि मद्य मागतो. विषय संपला. प्लुटार्कच्या मूळ चरित्रात हा यजमान श्रीमंत आहे आणि नाव विसरण्याचा प्रकार तेथे नाही. म्हणजे गरिबी आणि विस्मरण या दोन्ही गोष्टी शेक्सपिअरने मुद्दाम घातल्या. उपकार करण्याची इच्छा आहे, मनही मोठे आहे. पण गरिबाचे नाव लक्षात राहत नाही आणि म्हणून तो कैदेतच राहतो. मित्रहो, मोठ्या माणसांच्या दयेवर अवलंबून राहण्यात काय धोका आहे, हे याहून थोडक्यात कोणी सांगितलेले माझ्या वाचनात नाही. दया नाव विसरू शकते. हक्काच्या कागदावर मात्र नाव लिहिलेले असते.

तिसरी गोष्ट मताची. या नाटकात मतासाठी 'आवाज' या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनःपुन्हा येतो. आपल्या मराठीत 'मत' या एकाच शब्दाने माणसाचा विचारही व्यक्त होतो आणि निवडणुकीत तो जे देतो तेही. म्हणून हा भाग मराठी वाचकाला अधिक चटकन कळावा. कोरिओलेनसला लोकांचे निवडणुकीतले मत हवे आहे, पण लोकांना विचार म्हणून काही मत असू शकते हे त्याला मान्य नाही. प्रथेप्रमाणे जखमा दाखवाव्या लागतात. प्लुटार्कचा नायक त्या दाखवतो; शेक्सपिअरचा नायक टाळाटाळ करतो. एक नागरिक त्याला सांगतो की या पदाची किंमत एवढीच की ते आपुलकीने मागावे. आपुलकीचा एक शब्द! तेवढाही त्याच्याजवळ नाही.

लोकांची अवस्था मात्र अवघड आहे. त्याच्या पराक्रमाने रोम वाचले, हे ते जाणतात. नाही म्हणण्याचा अधिकार आहे, पण उपकार झालेल्या माणसाला नाही म्हणायला मन धजत नाही; आपण कृतघ्न ठरू, ही भीती त्यांना वाटते. येथे मला बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणाची आठवण होते. देशाची सेवा केलेल्या थोर पुरुषांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, परंतु कृतज्ञतेलाही मर्यादा असतात. स्वातंत्र्य गहाण टाकून कोणत्याही राष्ट्राने कृतज्ञ होऊ नये, आणि राजकारणातील भक्ती ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असा इशारा त्यांनी दिला होता. रोमच्या चौकातील त्या नागरिकांना नेमका हाच पेच पडला होता. जखमांबद्दल आदर द्यावा. जखमांच्या मोबदल्यात अधिकार देऊन टाकू नये. या दोहोंतली रेषा ज्याला ओढता आली, तो नागरिक झाला.

रोममधील प्लेबियनांचे आणखी एक दुखणे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलन' या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात दाखवले आहे. प्लेबियनांना सत्तेत वाटा मिळाला, त्यांच्यातला कॉन्सल होऊ लागला. परंतु निवडलेला माणूस देवतेला मान्य आहे असा कौल मिळाल्याशिवाय त्याला पद घेता येत नसे. त्यामुळे उमरावांच्या मर्जीतलाच प्लेबियन निवडून येई, आणि धर्मश्रद्धेपायी लोकांनी हे निमूटपणे सोसले. केवळ मत मिळून भागत नाही, मनही मोकळे व्हावे लागते, हा त्याचा मथितार्थ. शेक्सपिअरच्या नाटकाशेजारी ही पाने ठेवून वाचली तर रोमचे चित्र पूर्ण होते.

आता आपल्या बाजूच्या माणसांकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. दोन ट्रिब्यून जनतेचे प्रतिनिधी आहेत म्हणून त्यांचे सगळे चांगले, असे समजू नका. सिसिनिअस विचारतो की लोक म्हणजेच शहर नव्हे काय? हा विचार मोठा आहे. पण तोच माणूस लोकांना काय ओरडायचे, कधी ओरडायचे हे आधी पढवून ठेवतो; मते मागे घेताना दोष आमच्यावर ढकला, असेही सांगतो. कोरिओलेनसला कोणत्या शब्दाने भडकवायचे, हे दोघांना ठाऊक आहे आणि 'देशद्रोही' हा शब्द ते बरोबर वेळेला वापरतात. प्रश्न न्याय्य आहे, पण रीत चोख नाही. लोकांच्या रागावर आपले पद भाजून घेणारे पुढारी लोकांचे हित किती सांभाळतात, हे नाटकाच्या उत्तरार्धात दिसते. शत्रू दाराशी येताच हे दोघे मेनेनिअसच्या दारी धाव घेतात. दुसरी बाजूही पाहावी : कोरिओलेनस गेल्यानंतर आणि संकटाची बातमी येण्यापूर्वी रोममध्ये कारागीर आपापल्या दुकानांत गात काम करताना दिसतात, असे एक ट्रिब्यून सांगतो. सामान्य माणसाला सत्ता मिळाली म्हणजे अराजक माजते, हा समज येथे खोटा ठरतो.

या नाटकाचा दोन्ही बाजूंनी वापर झालेला आहे. विल्यम हॅझलिट या टीकाकाराने १८१७ मध्येच लिहिले की, कविकल्पनेचा ओढा सत्तेकडे असतो आणि हे नाटक त्याला बळी पडते. पॅरिसमध्ये १९३३-३४ च्या मोसमात कोमेदी-फ्रान्सेझच्या प्रयोगांना लोकशाहीविरोधी प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करीत; त्या गदारोळात संचालक एमिल फाब्र यांना पद सोडावे लागले. उलट जर्मन नाटककार ब्रेश्ट याने हेच नाटक जनतेच्या बाजूने नव्याने रचायला घेतले. १९५६ मध्ये तो वारला आणि त्याच्या संस्थेने ती रचना १९६४ मध्ये रंगमंचावर आणली. २०११ मध्ये राल्फ फाइन्स याने आधुनिक वेशातला चित्रपट काढला. एकच संहिता, इतकी टोकाची वाचने. याचा अर्थ संहिता निष्पक्ष आहे असा नव्हे, तर वाचणारा कोठे उभा राहून वाचतो याला महत्त्व आहे, असा होतो.

विद्यार्थी मित्रहो, म्हणून काही व्यावहारिक सूचना करतो. गाइड नंतर वाचा, नाटक आधी वाचा. पाच अंक आहेत, रोज एक प्रवेश वाचला तर महिन्याभरात पूर्ण होते. इंग्रजी अवघड वाटले तर दोघा-चौघांनी मिळून मोठ्याने वाचा. नाटक कानाने लवकर कळते. 'आवाज', 'पोट', 'जखम', 'एकटा' हे शब्द जेथे येतील तेथे खूण करा. ज्या पात्रांना नाव नाही, फक्त 'पहिला नागरिक', 'दुसरा नागरिक' असे आकडे आहेत, त्यांची वाक्ये वेगळ्या वहीत उतरवून काढा. ती एकत्र वाचली की 'चंचल जमाव' हा शब्द तुम्ही सहजासहजी लिहिणार नाही. आणि पाचव्या अंकात आईची विनवणी संपल्यावर कोरिओलेनस काही न बोलता तिचा हात हातात घेतो, तेथे थांबा. ज्याने तलवारीने सारे जिंकले त्याला तेथे पहिल्यांदा माणूस म्हणून निर्णय घ्यावा लागतो. त्याची किंमत प्राणाने द्यावी लागेल हे त्याला ठाऊक असते, आणि तरीही तो निर्णय घेतो. त्याच्या गर्वावर टीका करणाऱ्या आपणही त्या क्षणी त्याला मान द्यावा. टीका आणि न्याय एकत्र नांदले पाहिजेत.

परीक्षेत तुम्हांला प्रश्न येईल : कोरिओलेनसच्या पतनाचे कारण काय? गर्व असे जरूर लिहा. पण पुढे हेही लिहा की, ज्या समाजात भरलेली कोठारे आणि रिकामी पोटे शेजारी-शेजारी असतात, तेथे गर्व हा एका माणसाचा दुर्गुण राहत नाही, ती त्या समाजाची रीत होऊन बसते. हे वाक्य गाइडमध्ये सापडणार नाही. ते नाटकाच्या पहिल्या प्रवेशातून तुम्हांला स्वतःच्या हाताने काढावे लागेल. तपासणारे एखादा गुण कमी देतील कदाचित. पण स्वतःचे मत स्वतः बनवण्याची सवय लागेल, आणि मत बनवता येणाऱ्या माणसालाच मत देताही येते.